छातीचे निरूपण

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एका निराळ्या कसोटीला उतरावे लागते. शरीररचनाशास्त्राच्या वर्गात, आपल्याच सहाध्यायांच्या समोर उभे राहून, नेमून दिलेला एखादा विषय त्याला मांडून दाखवावा लागतो. महाविद्यालयात यास ‘सेमिनार’ म्हणतात; मराठीत त्याला निरूपण म्हणावयास हरकत नाही. कीर्तनकार पूर्वरंगात जसा एखादा अभंग घेऊन त्याची फोड करतो, तसाच हा तरुण शरीराचा एक भाग घेतो आणि त्याची फोड करतो. छाती हा अशा निरूपणाचा अगदी ठरलेला विषय होय. पडद्यावर चित्रे उमटतात, हातातील काठीने खुणा दाखविल्या जातात, लॅटिन आणि ग्रीक नावांची माळ ओवली जाते, अध्यापक दोनचार प्रश्न विचारतात आणि पुढच्या विद्यार्थ्याची पाळी येते. कीर्तनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे पूर्वरंग संपतो. उत्तररंग व्हावयाचा राहतो. तो कोठे व्हावा आणि कोणापुढे व्हावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तरेस चिमूर हे तालुक्याचे गाव आहे. १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावाने या गावाचे नाव देशभर झाले. बालाजीच्या घोडायात्रेमुळे ते विदर्भातील भाविकांना त्याही आधीपासून ठाऊक होते. भोवती धानाची शेते, मोहाची झाडे आणि ताडोबाचे अरण्य. १९८२ साली जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्वेचा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तथापि अरण्य एक, हवामान एक आणि थंडीच्या दिवसांत लहान मुलांच्या छातीवर येणारे संकटही एकच. या मुलखातील मुलाला डॉक्टर व्हावयाचे तर पूर्वी नागपूरची वाट धरावी लागे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. पुढे २०१५ साली चंद्रपुरात आणि २०२४ साली गडचिरोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली. याचा अर्थ असा की, ज्या मुलखात छातीच्या रोगाने मुले दगावत आली, त्याच मुलखात आता छातीच्या रचनेचे पाठ दिले जातात. दोहोंमधील अंतर मैलांच्या हिशेबाने कमी झाले आहे. ज्ञानाच्या हिशेबाने ते कमी होते की नाही, हे त्या पाठाच्या स्वरूपावर अवलंबून राहील.

प्रथम तो पाठच थोडक्यात पाहू या. छाती म्हणजे एक पिंजरा आहे. मागे पाठीच्या कण्यातील बारा मणके, पुढे मधोमध छातीचे चपटे हाड, आणि दोन्ही बाजूंना बारा बारा, म्हणजे एकंदर चोवीस बरगड्या. यांतील वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने थेट पुढच्या हाडाला जाऊन मिळतात. आठवी, नववी आणि दहावी जोडी वरच्या बरगडीच्या कूर्चेचा आधार घेते. अकरावी आणि बारावी यांची पुढची टोके मोकळीच असतात. तळाशी घुमटासारखा एक स्नायूंचा पडदा आहे. तो छाती आणि पोट यांना वेगळे करतो. या पिंजऱ्यात उजवीकडे तीन खंडांचे आणि डावीकडे दोन खंडांचे फुप्फुस, आणि मध्ये किंचित डावीकडे कललेले हृदय.

पिंजरा हा शब्द मात्र अर्धाच खरा आहे. पिंजरा हलत नाही. छाती जन्मापासून मरणापर्यंत हलत असते. ती कशी हलते, हे शरीरशास्त्राच्या ग्रंथांनी दोन साध्या उपमांनी सांगितले आहे, आणि त्या उपमा चिमूरच्या कोणत्याही खेड्यातील बाईला कळतील अशा आहेत. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्याप्रमाणे पुढच्या बाजूस वर उचलल्या जातात, त्यामुळे छातीची जाडी वाढते. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीप्रमाणे बाजूंना वर येतात, त्यामुळे छातीची रुंदी वाढते. त्याच वेळी तळाचा पडदा खाली उतरतो आणि उंची वाढते. तिन्ही दिशांनी पोकळी वाढली की हवा आपोआप आत येते. भात्याची दोन्ही फळ्या लोहार दूर करतो, तेव्हा वारा आत शिरतो. येथेही तेच घडते.

हे सर्व चांगला विद्यार्थी दहा मिनिटांत सांगतो. पण यातील प्रत्येक तपशिलामागे कोणाचा तरी जीव उभा आहे, हे त्याला त्याच वेळी सांगितले गेले पाहिजे. छातीच्या हाडावर वरून बोट फिरवीत आले असता एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही अंगांना दुसरी बरगडी जुळलेली असते, आणि तेथूनच बरगड्या मोजावयास आरंभ करावा लागतो. ही मोजणी चुकली तर पुढचे सर्व निदान चुकण्याचा संभव असतो. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक पन्हळ असते, आणि तिच्या आडोशाने नीला, धमनी आणि मज्जातंतू धावतात. म्हणून छातीत साठलेले पाणी काढण्याची सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालावी लागते. श्वासनलिकेला जे दोन फाटे फुटतात, त्यांतील उजवा अधिक रुंद, आखूड आणि सरळ असतो. म्हणून खेळता खेळता मुलाने गिळलेला शेंगदाणा किंवा चिंचोका वाट चुकून श्वासनलिकेत गेला, तर तो बहुधा उजव्या बाजूला सापडतो. ग्रंथात या तीन गोष्टी निरनिराळ्या पानांवर असतात. डॉक्टरला त्या रोग्याच्या खाटेशी एकदमच आठवाव्या लागतात.

आता या पाठातील जो भाग चिमूर आणि गडचिरोली येथील घरांना सर्वांत जवळचा आहे, त्याकडे वळू. तान्ह्या मुलाची छाती ही मोठ्या माणसाच्या छातीची लहान प्रत नव्हे. मोठ्या माणसाच्या बरगड्या मागून पुढे उतरत्या असतात. म्हणूनच त्यांना वर उचलल्या जाण्यास वाव असतो. तान्ह्याच्या बरगड्या जवळ जवळ आडव्या असतात. जी कडी आधीच वर आहे, ती आणखी काय वर जाणार? त्यामुळे हापसा आणि बादली या दोन्ही युक्ती त्याच्या फारशा उपयोगी पडत नाहीत. त्याचा श्वास मुख्यतः तळाच्या पडद्यावर चालतो, आणि म्हणून निजलेल्या बाळाची छाती हलताना दिसत नाही, पोट हलताना दिसते. मूल उभे राहून चालू लागल्यावर हळूहळू बरगड्या उतरत्या होतात.

या एका गोष्टीतून दोन परिणाम निघतात. न्यूमोनियाने फुप्फुसाचा भाग भरून आला आणि ताठर झाला, म्हणजे मोठा माणूस खोल श्वास घेऊन काही काळ भागवून नेतो. बाळाला खोल श्वास घेण्याची सोयच नाही. त्याच्याजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे श्वासांची संख्या वाढविणे. हा पहिला परिणाम. दुसरा असा की, बाळाच्या बरगड्या हाडापेक्षा कूर्चेच्या अधिक असतात, म्हणून मऊ असतात. ताठर फुप्फुस फुगविण्यासाठी तळाचा पडदा जोराने ओढू लागला, की श्वास आत घेताना बरगड्यांचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो. जेथे फुगवटा दिसावा तेथे खळगा पडतो. श्वासाचा वेग आणि छातीचा हा खळगा ही दोन चिन्हे पाहण्यास उपकरण लागत नाही. फक्त बाळाचे झबले वर करून पाहावे लागते.

मराठी आयांना ही अवस्था अपरिचित नव्हती. ‘मुलाला डबा झाला’, ‘पोट उडते आहे’, ‘धाप लागली’ हे शब्दप्रयोग पिढ्यानुपिढ्या घरोघर चालत आले आहेत. छाती भरून येणे, छाती दडपणे, ऊर फुटणे, छातीठोकपणे सांगणे, अशा कितीतरी बोलण्यांनी ज्या भाषेने छातीशी नाते जोडले आहे, तिला बाळाच्या छातीचा रोग दिसला नसता तरच नवल. दिसत होते, शब्दही होता. पण साधे पडसे कोठे संपते आणि डबा कोठे सुरू होतो, याची रेघ ठरलेली नव्हती. यास्तव कित्येकदा उपाय होई तो उशिरा, आणि होई तोही भलताच. मेळघाटासारख्या भागांत तर अशा मुलाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचा डाग देण्याची रूढी होती.

ती रेघ आकड्याने आखता येते, हे वैद्यकशास्त्राने ठरविले. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल तर मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक, हे धोक्याचे चिन्ह होय. जागतिक आरोग्य संघटनेने हेच आकडे जगभर सांगितले. परंतु आकडा ग्रंथात असणे वेगळे आणि खेड्यातील झोपडीत तो वेळेवर मोजला जाणे वेगळे. हे दुसरे काम कसे होते, याचा दाखला गडचिरोली जिल्ह्याने घालून दिला.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८० नंतरच्या दशकात गडचिरोलीत येऊन राहिले आणि ‘सर्च’ या संस्थेद्वारा त्यांनी तेथे संशोधन आरंभिले. मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा मोठा आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना श्वास मोजण्यास आणि योग्य औषध देण्यास शिकविले. ज्या सुईणींना मोठे आकडे मोजण्याचा सराव नव्हता, त्यांच्यासाठी एक साधन तयार करण्यात आले. त्यात एक मिनिट चालणारे वाळूचे घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी होते. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत मणी ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचले, तर न्यूमोनिया समजावयाचा. शाळेची पायरी न चढलेली स्त्री या मण्यांच्या साहाय्याने ती रेघ ओळखू लागली.

त्याचे फळ ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकाच्या १९९० सालच्या अंकात प्रसिद्ध झाले. ज्या ५८ गावांत ही योजना चालली, तेथे न्यूमोनियाच्या ६१२ प्रसंगी उपचार झाले, आणि त्यांत दगावण्याचे प्रमाण शेकडा ०.८ होते. ज्या ४४ गावांत ही योजना नव्हती, तेथे ते शेकडा १३.५ होते. एका वर्षानंतर पाहिले तेव्हा योजनेच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१, तर इतर गावांत हजारी १७.५ होते. हे अंतर एखाद्या मोठ्या इमारतीने किंवा महागड्या यंत्राने पाडलेले नव्हते. वेळेवर केलेली मोजणी, स्वस्त औषध आणि शिकविलेली माणसे एवढ्यानेच ते पडले. गडचिरोलीतील याच मार्गाच्या पुढील कामावरून २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांकरवी नवजात बाळांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करण्याची योजना सुरू झाली, आणि २०१९ साली केंद्र सरकारने न्यूमोनियाविरुद्ध ‘साँस’ या नावाची मोहीम काढली.

येथे एखादा सुशिक्षित श्रोता विचारील की, सुईणीला मणी मोजता आले, मग विद्यार्थ्याने बरगड्यांची नावे कशाला घोकावी? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर उलट दिशेला नेते. मण्यांची युक्ती सोपी दिसते, कारण ती रचणाऱ्याला छातीचे शास्त्र पुरते अवगत होते. श्वास पूर्ण एक मिनिटच का मोजावा? कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा चालत नाही. मध्येच भरभर चालतो, मध्येच क्षणभर थांबतो. पंधरा सेकंद मोजून चारांनी गुणले तर निरोगी बाळ आजारी ठरेल किंवा आजारी बाळ निरोगी ठरेल. बाळ शांत असतानाच का मोजावा? कारण रडण्याने वेग वाढतो. खळगा बरगड्यांच्या खालच्या भागातच का पाहावा? कारण तळाचा पडदा तेथेच चिकटलेला असतो. ‘का’ हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ‘कसे’ हे चार शब्दांत सांगता येते. ज्याला नावेच पाठ आहेत, तो सोपे सांगू गेला तर अपुरे सांगतो, आणि पुरे सांगू गेला तर कोणालाच कळत नाही.

छातीच्या शास्त्राचा इतिहासही हेच सांगतो. व्हिएन्ना येथील डॉक्टर लिओपोल्ड औएनब्रुगर याचे वडील खानावळवाले होते. पिपात दारू किती उरली हे पीप ठोठावून ओळखण्याची त्या धंद्यातील रीत त्याला घरीच दिसली होती. छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी आहे की हवा, हे ओळखण्याची पद्धत त्याने शोधली आणि १७६१ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. बाजारात मडके घेताना टिचकी मारून पाहणाऱ्या गृहिणीला या पद्धतीचे मर्म सांगावयास वेळ लागू नये. १८१६ साली पॅरिसच्या लॅनेक याने कागदाची गुंडाळी करून एका तरुणीच्या छातीचे ठोके ऐकले, आणि त्यातून आजच्या स्टेथोस्कोपाचा जन्म झाला. छातीच्या रोगांचा हा थोर अभ्यासक स्वतः १८२६ साली क्षयाने वारला. या दोघांच्याही युक्तीचे मूळ साध्या व्यवहारात होते.

आपल्याकडेही या विद्येला लोकभाषेचे वावडे नव्हते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. १८६० नंतरच्या दशकात तेथे मराठीतून वैद्यकी शिकविण्याचा वर्गही चालत असे. पुढे उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजीच राहिली, आणि त्याला कारणेही होती. जगाच्या संशोधनाशी संबंध ठेवावयाचा तर ती भाषा सोडून चालत नाही. म्हणून सेमिनार मराठीत व्हावा असा हट्ट येथे धरावयाचा नाही. मागणे एवढेच की, ज्याने इंग्रजीत छाती समजावून दिली, त्याने तीच छाती मराठीत, आणि चिमूर-गडचिरोलीच्या बाजूला झाडीबोलीत किंवा गोंडीत, निदान दुभाष्याच्या मदतीने, समजावून द्यावी. हा त्या पाठाचा उत्तररंग. २०२२ साली वैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासक्रमात खेड्यातील कुटुंबे विद्यार्थ्यांनी दत्तक घेण्याची योजना आली आहे. वर्गात बरगड्या मोजणारा मुलगा त्याच काळात एखाद्या अंगणातही जाऊन बसणार असेल, तर उत्तररंगाला याहून चांगला मंडप कोणता?

या पाठाच्या मागे आणखी एक ऋण आहे. विद्यार्थी ज्या छातीवर रचना शिकतो, ती चित्रातली नसते. कोणीतरी मरणोत्तर देहदान केलेले असते, किंवा कोणा बेवारस माणसाचा तो देह असतो. दधीचीने अस्थी दिल्या त्या देवांच्या रक्षणासाठी, असे पुराण सांगते. आज अभ्यासाला आरंभ करण्यापूर्वी विद्यार्थी त्या देहापुढे आदराची शपथ घेतात, ही फार चांगली प्रथा आहे. पण त्या मूक गुरूची दक्षिणा परीक्षेतील गुणांनी फिटत नाही. ज्या माणसाची छाती थांबली, तिच्यावरून शिकून दुसरी कोणती तरी छाती चालू ठेवावी, तेव्हा ती फिटते.

शहरांतील श्रोत्यांच्या कुटुंबांतूनही अनेक मुलेमुली वैद्यकीच्या शिक्षणाला जातात. सुट्टीत ती घरी आली म्हणजे त्यांच्या आजीने किंवा आईने त्यांना एकदा तरी म्हणावे, ‘तू वर्गात छातीवर बोललास ना, ते मला सांग बरे.’ आजीला ते कळले, तर मुलाचा अभ्यास पक्का झाला असे समजावे. आणि घरात पाच वर्षांच्या आतले मूल असेल, त्याला खोकला झाला असेल, तर ते निजले असता किंवा शांत असता झबले वर करून, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०, हे तीन आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. आकडा तिथवर गेला, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, किंवा मुलाने दूध सोडले, तर उद्याची वाट न पाहता त्याच घटकेस डॉक्टरकडे जावे. चिमूरच्या रानातील आई आणि पुण्या-मुंबईच्या चाळीतील आई या दोघींच्या बाळांच्या बरगड्या सारख्याच आडव्या असतात. दोघींना लागणारे ज्ञानही एकच आहे.